शीर्षकपान हरवलेली बखर, फाटलेले नाटक आणि पहिल्या आवृत्तीचा प्रश्न

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शिवाजी पेठेतल्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांच्या लाकडी पेटीत तीन छापील पुस्तके मिळाली. पहिले शिवछत्रपतींच्या बखरीचे असून ते एकदम पान ९ पासून सुरू होते. दुसरे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक. त्याच्या शीर्षकपानाचा खालचा कोपरा फाटल्यामुळे ‘शके १७’ एवढेच वाचता येते. तिसरे आगरकरांचे ‘विकारविलसित’, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ चा मराठी अवतार. ही पुस्तके पहिल्या आवृत्तीची आहेत का, ते कसे ओळखावे, त्यांतील मजकुरावर कितपत विश्वास ठेवावा आणि डेन्मार्कच्या राजपुत्राचे नाटक आजोबांनी मराठी राजांच्या पुस्तकांजवळ का ठेवले असावे, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरात जुन्या मराठी मुद्रितांच्या नोंदी करण्याचे काम मी तीसएक वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सांगता येईल तेवढे सांगतो.

आधी एक घोटाळा दूर करावा लागेल. छापल्याचे साल आणि मजकुराचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या आवृत्तीला जे वजन आपण मनातल्या मनात देतो ते बखरीला आणि नाटकाला सारखे लागू पडत नाही. नाटक लिहिणारा माणूस छापखान्याच्या काळातला असतो. पहिली आवृत्ती बहुधा त्याच्या डोळ्यांखालून गेलेली असते आणि म्हणून तिला मान असतो. बखरीचा लेखक मात्र छपाईच्या आधी शंभर-दोनशे वर्षे होऊन गेलेला असतो. तिची पहिली छापील आवृत्ती म्हणजे कोणा एका संपादकाला जी हस्तलिखित प्रत हाती लागली तिचा त्याने लावलेला अर्थ. पुढे दुसरी, अधिक चांगली प्रत मिळाली की नंतरची आवृत्ती पहिलीपेक्षा विश्वसनीय ठरते. त्यामुळे ‘जुनी म्हणून खरी’ हा हिशेब बखरीच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटा बसतो.

आता आपल्या बखरीकडे वळू. ती पान ९ पासून सुरू होते ही तक्रार नसून खूणच आहे. जुन्या छपाईत कागदाचा मोठा ताव एका वेळी छापून घडी घालीत. त्या एका छपाईत बसणाऱ्या पानांना फर्मा म्हणतात. फर्मा आठ पानांचा असे किंवा सोळा पानांचा. बांधणाऱ्याला फर्मे क्रमाने लावता यावेत म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, मजकुराच्या खाली, बारीक टाइपात त्याचा आकडा छापीत. आपल्या प्रतीत पान ९ च्या तळाशी ‘२’ दिसला, पुढे पान १७ च्या तळाशी ‘३’ दिसला, तर फर्मा आठ पानांचा आहे आणि पहिला फर्मा अख्खा निखळला आहे असे निश्चित म्हणता येते. म्हणजे पाने वाळवीने खाल्लेली नाहीत किंवा कोणी फाडलेली नाहीत. जुजबंदीचा, म्हणजे फर्मे शिवणारा, दोरा सुटला आणि वरची जुडी वेगळी झाली. अशी जुडी पुष्कळदा त्याच पेटीत, दुसऱ्याच एखाद्या पुस्तकाच्या पोटात सापडते. पंचांगे, आरत्यांची पुस्तके, घरच्या हिशेबाच्या वह्या एकदा झाडून पाहाव्यात.

त्या आकड्याशेजारी काही अक्षरे आहेत का, तेही पाहावे. ग्रंथाच्या नावाचा संक्षेप, ‘शि. ब.’ अशा धर्तीचा, आकड्याजवळ असेल तर हे पुस्तक मुळात पुस्तक म्हणून निघालेच नसण्याचा संभव मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत बखरी प्रथम मासिकांतून तुकड्या-तुकड्यांनी छापल्या गेल्या. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ मध्ये पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला, तो याच कामासाठी. सभासदाची बखर, चिटणिसाची बखर, भाऊसाहेबांची बखर या त्यातूनच सामान्य वाचकाच्या हाती आल्या. आपल्या कोल्हापुरातही विष्णु गोविंद विजापूरकरांची ‘ग्रंथमाला’ १८९४ पासून हीच पद्धत चालवीत होती. वर्गणीदार एकेका ग्रंथाची सुटी पाने साठवून ठेवी आणि ग्रंथ पुरा झाला की पेठेतल्या बांधणाऱ्याकडून पुठ्ठा चढवून घेई. अशा प्रतीला शीर्षकपान नसते, कारण ते कधी जोडलेच गेलेले नसते. ‘शीर्षकपान गहाळ’ असे नोंदवहीत लिहून मी सुरुवातीच्या वर्षांत अशा कित्येक प्रतींवर अन्याय केलेला आहे.

छपाईची जात ओळखण्यासाठी भिंग आणि बोटाचे टोक एवढी साधने पुरतात. पानाच्या मागच्या बाजूवरून बोट अलगद फिरवा. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून छापलेले असेल तर अक्षरांचा दाब मागे उमटलेला हाताला लागतो. शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेले, असेल तर पान मागून गुळगुळीत असते. मग भिंगाखाली एका ओळीतले चार-पाच ‘म’ पाहा. शिळाछापात कोणी लेखनिकाने बोरूने लिहिलेले असते, त्यामुळे प्रत्येक ‘म’ किंचित निराळा असतो आणि शिरोरेषा सलग धावते. खिळ्यांच्या छपाईत सगळे ‘म’ एका साच्यातले असतात, शिरोरेषेला दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट राहते, आणि एखादा खिळा तुटका असला तर तेच तुटके अक्षर काही पानांनी पुन्हा भेटते. तुटक्या खिळ्याचा असा पाठलाग करून दोन निनावी पुस्तके एकाच छापखान्याची आहेत हे पटविता येते. मला या कामातला तो सगळ्यात आवडता भाग वाटतो, जरी त्यात डोळे फार शिणतात.

आता काळाचा पट्टा. मराठीत राजांविषयीचे छापील गद्य फार लवकर आले, पण ते महाराष्ट्रात छापले गेले नाही. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात १८१६ मध्ये ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ मराठीत निघाले, तेही मोडी खिळ्यांत. रामराम बसूंच्या १८०१ च्या बंगाली ग्रंथाचे ते भाषांतर होते. नागपूरच्या रघूजी भोसल्याची वंशावळीही त्याच सुमारास तेथूनच बाहेर पडली. मराठी माणसाने छापील अक्षरात वाचलेल्या पहिल्या काही राजांपैकी एक बंगालमधल्या जेसोरचा प्रतापादित्य होता, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले आणि तेथून देशी छापखान्यांची परंपरा सुरू झाली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास लंडनमध्ये १८२६ साली निघाला आणि पुढच्या तीन-चार वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपन यांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने आले. येथे सावध राहावे. त्या काळी ‘बखर’ म्हणजे नुसता ‘इतिहास’. शीर्षकात बखर दिसली म्हणून आत चिटणीस-कारकुनांनी लिहिलेला जुना मजकूर असेलच असे नाही. आपल्या प्रतीत इंग्रजी तारखा सरसकट येत असतील आणि वाक्ये लांबलचक, परंतु-यास्तव-तथापिने जोडलेली असतील, तर ती भाषांतराच्या वळणाची आहे. ‘येणेप्रमाणे’, ‘मग राजियांनी विचार केला जे’, ‘ऐशास’ अशी वाक्ये असतील, तर ती खऱ्या बखरीची आहे.

लेखनपद्धतीवरूनही काही कळते. ‘नाहीं’, ‘त्यांनीं’, ‘मध्यें’ असे अनुच्चारित अनुस्वार भरपूर असतील तर प्रत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची; पण यावरून शंभर वर्षांचा पट्टा मिळतो, साल मिळत नाही. ‘अितिहास’, ‘अुत्तर’ अशी अ ला वेलांटी-उकार दिलेली अक्षरे दिसली तर मात्र ती एकोणिसाव्या शतकातली असूच शकत नाही. ती १९३० नंतरच्या लिपिसुधारणेची खूण आहे.

आता मजकुराच्या विश्वासाकडे येतो, आणि येथे थोडे थांबतो, कारण बहुतेक वाचक येथेच फसतात. बखरींची हस्तलिखिते मोडीत होती आणि छापली गेली बालबोधीत. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. त्यामुळे छापील बखरीत जे ह्रस्व-दीर्घ दिसते ते सतराव्या शतकाचे नसून संपादकाचे किंवा खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याचे असते. त्यावरून ‘जुन्या काळी हा शब्द असा लिहीत’ असे विधान करता येत नाही. विरामचिन्हेही तशीच. मोडी मजकुराला स्वल्पविराम ठाऊक नव्हता. वाक्य कोठे तोडायचे हे संपादकाने ठरविले, आणि कधी कधी त्या एका स्वल्पविरामाने एका सरदाराचा पराक्रम दुसऱ्याच्या नावावर गेला.

सालांचे तर विचारूच नये. जुन्या कागदांत साल आकड्यांपेक्षा अरबी संख्याशब्दांत येते. ‘सबा सबैन अलफ’ म्हणजे सात, सत्तर आणि हजार, एकूण शुहूर सन (मराठी कागदांत चालणारी जुनी कालगणना) १०७७. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन १६७६-७७ येते. आता नकलकाराने किंवा वाचणाऱ्याने ‘तिसैन’ चे ‘सबैन’ केले असेल तर? तिसैन म्हणजे नव्वद. ‘सबा तिसैन अलफ’ म्हणजे १०९७, इसवी सन १६९६-९७. पहिले साल शिवाजी महाराज हयात असतानाचे, दुसरे राजाराम महाराज जिंजीला असतानाचे. एका शब्दाच्या वाचनाने प्रसंग वीस वर्षे मागे सरकतो आणि छापील पानावर तो अगदी नेटका, निर्विवाद दिसतो. म्हणून छापील बखरीत तिथीबरोबर वार दिलेला असेल तर तो पंचांगाने ताडून पाहावा. वार जुळला नाही की साल, महिना किंवा तिथी यांपैकी काहीतरी चुकले आहे असे धरून चालावे. आणि शेवटच्या पानावर ‘शुद्धिपत्र’ असेल तर ते आधी वाचावे. बहुतेक लोक ते वाचीतच नाहीत. पण संपादकाला छपाई झाल्यावर कोणत्या जागी शंका आली हे त्याइतके प्रामाणिकपणे दुसरीकडे कोठेही सांगितलेले नसते.

आपली बखर नेमकी कोणती, हे मी पान न पाहता सांगू शकणार नाही, पण निवड फार मोठी नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे १६९४ ते १६९७ च्या दरम्यान लिहिलेली बखर आकाराने लहान, वाक्ये तुटक, पण काळाच्या सर्वांत जवळची. मल्हार रामराव चिटणीस याची बखर १८१० च्या सुमाराची, साताऱ्याच्या दरबारात लिहिलेली, मोठी आणि पसरट. ‘शिवदिग्विजय’ १८९५ मध्ये बडोद्याहून नंदुरबारकर आणि दांडेकर यांनी छापला. तो स्वतःला बराच जुना म्हणवितो, पण त्याची भाषा तसे म्हणू देत नाही, आणि अभ्यासकांनी त्याच्यावर भिस्त ठेवलेली नाही. कोल्हापूरच्या वाचकाने चिटणिसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो सातारकर छत्रपतींचा चाकर होता. ताराबाईंविषयी आणि करवीरच्या गादीविषयी तो जेथे बोलतो, तेथे त्याच्या लेखणीला वाडा कोणता हे ठाऊक आहे. त्याला खोटा म्हणण्याचे कारण नाही. कोणाच्या ओसरीवर बसून लिहिले आहे एवढे पाहायचे.

नाटकाकडे येतो. माधवराव हे राजे नव्हेत, छत्रपतींचे प्रधान; पण रंगभूमीच्या दृष्टीने राजेपुरुषांची नाटके येथूनच सुरू होतात, म्हणून आजोबांनी ते बखरीशेजारी ठेवले यात वावगे काही नाही. विनायक जनार्दन कीर्तने यांचे हे नाटक १८६१ चे. संस्कृत नाटकांची भाषांतरे त्याआधी छापली जात होती. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे ‘वेणीसंहार’ १८५७ चे, ‘शाकुंतल’ १८६१ चे. पण इतिहासातला माणूस घेऊन स्वतंत्रपणे लिहिलेले आणि छापलेले मराठी नाटक म्हणून मान कीर्तन्यांचा.

आपल्या प्रतीवर ‘शके १७’ एवढे उरले आहे, ते वाटते त्यापेक्षा पुष्कळ आहे. शक १७९९ हा १८७८ च्या वसंतात संपला. म्हणजे ही प्रत १८६१ आणि १८७८ यांच्या मधली असणे भाग आहे. आता शीर्षकपानाच्या मागे किंवा प्रस्तावनेच्या आधी ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे’ अशा अर्थाची ओळ आहे का पाहा. त्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक आणि छपाईचे ठिकाण छापणे बंधनकारक झाले आणि पुस्तक सरकारात नोंदविणे सुरू झाले. ती ओळ असेल तर प्रत १८६७ नंतरची, म्हणजे पहिल्या आवृत्तीची नव्हे. त्याऐवजी १८४७ च्या २० व्या आक्टाचा, म्हणजे जुन्या कॉपीराइट कायद्याचा उल्लेख असेल, तर आशेला जागा आहे. काहीच नसेल तर निर्णय कागद, खिळे आणि मागच्या वेष्टनावर सोपवावा लागेल. १८६७ पर्यंतच्या मराठी छापील पुस्तकांना आम्ही ‘दोलामुद्रिते’ म्हणतो, पाळण्यातली म्हणून; आपली प्रत पाळण्यातली की रांगती, हे त्या एका ओळीवर अवलंबून आहे.

प्रस्तावनेखालच्या तारखेवर मात्र भरवसा ठेवू नये. हे मी ठेच खाऊन शिकलो. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका ऐतिहासिक नाटकाची प्रत माझ्याकडे आली. शीर्षकपान नव्हते, प्रस्तावनेखाली स्पष्ट शक होता, आणि मी ती पहिली आवृत्ती म्हणून मोठ्या उत्साहाने नोंदविली. दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा हाताळताना मागच्या रंगीत कागदावरची जाहिरात वाचली. त्यात ज्या पुस्तकांची किंमत आणि टपालहशील दिले होते, त्यांपैकी एक त्या शकानंतर बऱ्याच वर्षांनी निघालेले होते. प्रकाशकाने पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना जशीच्या तशी, तारखेसह, पुढच्या आवृत्तीत छापली होती. तेव्हापासून मी मागचे पान आधी वाचतो. दुर्दैवाने हेच मागचे पान सगळ्यात आधी नाहीसे होते: एकदा आमची वीस-बावीस जुनी नाटके नव्या बांधणीसाठी दिली, तेव्हा बांधणाऱ्याने ‘घाण कागद’ म्हणून सगळी रंगीत वेष्टने काढून टाकली आणि कडा सारख्या करण्यासाठी समास कापले. किंमत, जाहिराती, वाचकांनी समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा, सगळे गेले. पुस्तके देखणी झाली आणि मुकी झाली.

शीर्षकपान असले तरी ते खरे बोलते असेही नाही, आणि हा रोग आपल्याकडचाच नव्हे. शेक्सपिअरच्या नावावरची दहा नाटके लंडनमध्ये १६१९ साली छापली गेली. त्यांतील ‘पाचवा हेन्री’ आणि ‘किंग लिअर’ यांवर १६०८ असे मागचे साल घातलेले होते. तीनशे वर्षे विद्वानांनी ते मानले. १९०८ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी कागदातील जलचिन्हे ताडून पाहिली आणि वेगवेगळ्या सालांची म्हणविणारी ही पुस्तके एकाच कागदाच्या साठ्यावर छापलेली असल्याचे दाखविले. आपल्या जुन्या शिळाछापांतही विलायती कागद असेल तर पान खिडकीसमोर धरून पाहावे. कागद करणाऱ्याचे नाव आणि कधी कधी सालही पाण्यासारखे उमटलेले दिसते. जुन्नर-दौलताबादकडच्या हातकागदात जलचिन्ह नसते, गवताच्या चाळणीच्या बारीक रेषा मात्र दिसतात.

छापील नाटकाने प्रयोगाचे किती सांगितले आहे, हा निराळा प्रश्न. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले, पण त्याचे पुस्तक त्या काळी निघाले नाही, कारण छापण्यासारखी संहिताच नव्हती. सूत्रधाराची पदे लिहिलेली असत आणि राजे-राक्षसांची भाषणे नट आयत्या वेळी करीत. भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापून आला तो १८८५ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. त्यांच्या राजांनी रंगभूमीवर काय गर्जना केल्या हे कोणत्याही आवृत्तीत सापडणार नाही. कीर्तन्यांसारख्यांच्या नाटकांना तेव्हाचे लोक ‘बुकिश’ म्हणत, ते याच फरकामुळे: ती आधी बुकात होती, मग रंगभूमीवर. पुढे किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाले तेव्हा पहिले चारच अंक तयार होते. संगीत नाटकांत पदे प्रयोगागणिक वाढत, गळत, चाल बदलत. त्यामुळे अशा नाटकाच्या दोन आवृत्त्यांतील पदांची संख्या मोजून पाहणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय आहे. प्रेक्षकांना विकण्यासाठी नुसत्या पदांच्या छोट्या चोपड्याही छापीत. त्या आण्या-दोन आण्यांच्या चोपड्या आज मूळ नाटकाहून दुर्मीळ आहेत, कारण त्या कोणी जपून ठेवण्याच्या लायकीच्या मानल्याच नाहीत.

याच कारणाने आपल्या माधवरावाच्या प्रतीत पेन्सिलीच्या रेघा असतील तर त्या खोडरबराने पुसू नका, ही हात जोडून विनंती. नाटक कंपन्यांत छापील प्रतीवरून नटांच्या नकला, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याची भाषणे, उतरवून देत. त्या प्रतीवर गाळलेले संवाद, ‘पडदा’, ‘येथे थांबणे’ अशा खुणा असतात. तशी प्रत दुसऱ्या किंवा तिसऱ्या आवृत्तीची असली तरी मी ती कोऱ्या पहिल्या आवृत्तीच्या वर ठेवीन. सगळेच नोंदकार माझ्याशी सहमत होतील असे नाही.

आता ‘विकारविलसित’. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ चे हे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या आजोबांनी ते राजांच्या पुस्तकांत ठेवले, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. कोल्हापूरच्या माणसाने ते तेथेच ठेवावे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वेडे आहेत असे सांगून त्यांना ज्या रीतीने वागविले जात होते, त्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी टीका केली, कारभारी माधवराव बर्वे यांनी बेअब्रूची फिर्याद केली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. त्या तुरुंगात आगरकर ‘हॅम्लेट’ मराठीत आणीत होते. वेडा म्हटला गेलेला राजपुत्र, भोवती पाळत ठेवणारे दरबारी, आणि वेड खरे की दुसऱ्यांनी ठरविलेले हा प्रश्न. हे सगळे भाषांतरकाराच्या समोर एकाच वेळी डेन्मार्कचे आणि करवीरचे होते. पुस्तक निघाले त्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अंत झाला. आगरकरांनी कोल्हापूरसाठी हे नाटक निवडले असे मी म्हणत नाही. पण १८८३-८४ मध्ये कोल्हापुरात हे पुस्तक विकत घेणाऱ्याने ते कसे वाचले असेल याची कल्पना करता येते, आणि म्हणून आपल्या प्रतीवर मालकाची सही, तारीख, समासातली एखादी रेघ आहे का, हे मला आवृत्तीच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

राजांची नाटके सरकारच्या डोळ्यावर येत होती, हेही दुर्मीळतेचे एक कारण आहे. १८७६ चा नाट्यप्रयोगांविषयीचा कायदा प्रयोग थांबविण्यासाठी होता. पण पुढे पुस्तकेही जप्त झाली. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ वर १९१० मध्ये बंदी आली. विराट राजाच्या दरबारातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखले होते आणि सरकारनेही. अशा नाटकाची बंदीपूर्वीची प्रत घरात सापडते ती बहुधा दुसऱ्याच पुस्तकाच्या वेष्टनात. पेटीत आणखी काही असेल तर नुसत्या मुखपृष्ठावर जाऊ नका.

पडताळणीसाठी दोन ठिकाणे आहेत. शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांची असून ती १९४३ मध्ये निघाली. पृष्ठसंख्या, आकार आणि किंमत तिच्याशी जुळवून पाहावी. आपल्या प्रतीचे शेवटचे पान शाबूत असेल तर केवळ पृष्ठसंख्येवरून निम्मे काम होते. दुसरे म्हणजे १८६७ च्या कायद्यामुळे मुंबई सरकारच्या गॅझेटात येऊ लागलेल्या तिमाही याद्या. त्यांत आवृत्ती कितवी, छापखाना कोणता, खिळ्यांवर की शिळेवर, आणि प्रती किती छापल्या हेही दिलेले असते. आजचा प्रकाशक सांगणार नाही इतकी माहिती तेव्हाच्या सरकारने संशयापोटी लिहून ठेवली आहे. कोल्हापुरात १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे, शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. पूर्ण प्रत मिळाली तर आपली पान ९ पासूनची प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ पाहावी. ओळींचे शेवट सारखे आले तर एकाच जुळणीची छपाई. एकाच पानावर ओळी निराळ्या तुटल्या तर नव्याने जुळविलेली आवृत्ती.

किंमतीविषयी मी आकडा सांगणार नाही. शीर्षकपान नसलेल्या बखरीला बाजारात फारसे मोल येत नाही, आणि जे मोल आहे ते बाजारातले नाही.

जतनाचे थोडक्यात सांगतो. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये बंद करू नका, उन्हात वाळत घालू नका. पावसाळ्यात आपल्याकडची हवा कागदाला सोसत नाही. २०१९ च्या पुरानंतर कितीतरी घरांतली ओली पुस्तके उन्हात टाकल्यामुळे विटेसारखी घट्ट झालेली मी पाहिली. पाणी लागलेच तर पानांमध्ये कोरा शोषकागद घालून सावलीत, वाऱ्यावर सुकवावीत. एरवी धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून, शेजारी वेखंडाचे तुकडे ठेवून, जमिनीपासून उंचावर ठेवली की कसर दूर राहते. नवी बांधणी आत्ताच करू नका, आणि करावी लागलीच तर समास कापायचे नाहीत व एकही कागद टाकायचा नाही असे बांधणाऱ्याला लिहून द्या.

आता आपण एवढेच करावे. बखरीचे पान ९ आणि पान १७, दोन्ही तळापर्यंत स्पष्ट दिसतील असे, नाटकाच्या शीर्षकपानाची मागची बाजू, आणि ‘विकारविलसित’ चे आतले कोरे पान, जेथे बहुधा मालक सही करतो, यांची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात घ्या. बखरीच्या पान ९ ची पहिली ओळ मला लिहून कळवा. ती सभासदाची असेल तर त्या पहिल्या ओळीवरूनच कळेल, आणि आठ पानांत नेमके काय गेले आहे तेही सांगता येईल.